धंद्याचा पहिला मेल: या चुका टाळा

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे केळीचे वेफर्स करणारा माझा एक भाचा आहे. त्याने पुण्या-मुंबईच्या दुकानदारांना साठेक मेल टाकले आणि मग फोन केला, “मामा, कोनी जवाबच देत नही.” मेल मागवून घेतला. सुरुवात अशी होती:

“आदरणीय महोदय, आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, आमची संस्था केळीच्या क्षेत्रात अग्रगण्य असून...”

त्याचा आनंद दुकानदाराला काय करायचा? पुढे आजोबांची शेती, मशीन कधी घेतलं, गुणवत्तेची परंपरा. भाव शेवटपर्यंत नाही. आम्ही सगळं खोडून एवढंच ठेवलं:

“नमस्कार. तुमच्या कोथरूडच्या दुकानात केरळी पद्धतीचे केळी वेफर्स दिसले, आपल्याकडच्या केळीचे दिसले नाहीत. आम्ही ते रावेरला बनवतो. २०० ग्रॅमचं पाकीट, घाऊक भाव सोबतच्या यादीत आहे. दोन पाकिटं नमुना म्हणून पाठवू का? पत्ता कळवा.”

पहिलं वाक्य त्याच्या दुकानाबद्दल आहे. ते खरं असावं लागतं, म्हणजे दुकान आधी बघावं लागतं. म्हणून साठ मेलऐवजी दिवसाला पाचच जमतात, आणि ते पुरे. शेवटी मागणंही एकच. “भेटू, बोलू, एजन्सी घ्या, आवडल्यास शेअर करा” असं चारपदरी मागितलं की समोरचा काहीच करत नाही.

मानांकनाचं जरा जपून. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन (माल त्या भागाचाच असल्याची सरकारी नोंद, म्हणजे जीआय टॅग) मिळालं, ते केळीला. वेफर्सच्या पाकिटावर किंवा मेलमध्ये “मानांकनप्राप्त वेफर्स” लिहू नका. जाणता खरेदीदार तिथेच पकडतो. त्यापेक्षा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा परवान्याचा, १४ अंकी क्रमांक सहीखाली टाका. त्याला तोच लागतो.

विषयाच्या ओळीत “व्यवसाय प्रस्ताव” लिहिलं तर मेल न उघडताच जातो. मोबाइलवर सुरुवातीचे तीस-पस्तीस अक्षरंच दिसतात, म्हणून माल आणि गाव आधी: “केळी वेफर्स, रावेर – नमुना पाठवू?”

भाच्याने साठही पत्ते एकाच मेलमध्ये ‘टू’मध्ये टाकले होते. प्रत्येकाला बाकीचे एकोणसाठ दिसले! वर कॅटलॉग एवढा जड की जीमेलच्या २५ एमबीच्या मर्यादेत बसेना, म्हणून ड्राइव्हची लिंक. अनोळखी माणसाची लिंक कोण उघडतो? एक पानी पीडीएफ पुरते.

आठवण चार-पाच दिवसांनी, त्याच मेलखाली, आणि काहीतरी नवं सांगत: मिरी-मसाल्याचा प्रकार सुरू केला, वगैरे. “माझा मेल मिळाला का?” हे उधारी वसूल केल्यासारखं वाटतं.

नव्या मेलला आठवड्यात उत्तर आलं, “पाकीट किती दिवस टिकतं?” भाचा तेव्हा चोपड्याला लग्नात. मेल उघडला चौथ्या दिवशी. आता मोबाइलवर मेलची घंटी चालू करून दिली आहे, आणि टिकण्याचे दिवस मेलच्या तिसऱ्या ओळीत घातलेत.