ढोलांना एक बस, ताशांना दुसरी

नाशिक ढोलचं रेकॉर्डिंग घरी मिक्स करताना खरा घोळ ट्रॅकच्या (सुट्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या) संख्येने होतो. पंचवटीत घेतलेल्या एका रेकॉर्डिंगचे माझ्याकडे १४ ट्रॅक होते. ढोल जरासे दाबायचे म्हणून ६ फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) एकेक करून खाली ओढले आणि ढोलांचा आपसातला तोलच गेला.

आता फाइल उघडली की आधी प्रत्येक ट्रॅकचं आउटपुट बदलून तो बसवर पाठवतो. बस म्हणजे अनेक ट्रॅक एकत्र आणणारी वाट; तिच्या एकाच फेडरने ते सगळे मिळून वर-खाली होतात. ढोल एका बसवर, ताशे दुसऱ्या, झांजा तिसऱ्या, आणि या तिन्ही मिळून ‘ताल’ बसमध्ये. बसला नाव द्याच. ‘बस ३’ म्हणजे काय, हे आठवड्याने आठवत नाही.

रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, प्रत्येक ट्रॅकवर लावू नका. तो एका ऑक्सवर (इफेक्टसाठीच्या वेगळ्या चॅनलवर) १०० टक्के वेट ठेवा, म्हणजे तिथे मूळ आवाज नाही, फक्त घुमारा. आणि सेंड, म्हणजे ऑक्सकडे जाणारी आवाजाची प्रत, पोस्ट-फेडर ठेवा, म्हणजे फेडरच्या नंतर घेतलेला. प्री-फेडर राहिला तर ताशाचा फेडर पार तळाला नेला तरी त्याचा घुमारा मागे वाजतच राहतो. आणखी एक चकवा आहे: सेंड ट्रॅकवरून दिला असेल, तर बस खाली केली तरी रिव्हर्ब जागचा हलत नाही. म्हणून सेंड बसवरूनच द्या. आणि हो, ऑक्सला सोलो-सेफ करा, नाहीतर ढोल सोलो केले, म्हणजे एकटेच ऐकायला घेतले, की रिव्हर्ब गप्प.