घरात शिरणारे भुंगेरे आणि ढालकिडे
वळवाच्या पहिल्या दमदार पावसानंतर खान्देशात हुमणीचे (पिकांची मुळे खाणाऱ्या अळीचे) तपकिरी भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडून कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि उजेडाकडे झेपावत घरात येतात. म्हणून त्या वेळी ओसरीवरचा दिवा बंद ठेवावा, खिडक्यांना बारीक जाळी लावावी आणि आत आलेले भुंगेरे झाडून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. चौकटींच्या फटी पुट्टीने बुजवाव्यात.

लाल-नारिंगी, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा (लेडीबर्ड) मात्र कृपा करून मारू नये, कारण कपाशीवरचा मावा (रस शोषणारी बारीक कीड) फस्त करणारा तो शेतकऱ्याचा खरा मित्र आहे. शिवाय त्याला चिरडल्यास पायांच्या सांध्यांतून पिवळा, उग्र वासाचा द्रव पाझरून भिंतीवर डाग पडतो. त्याला कागदावर अलगद घेऊन बाहेरच्या झाडावर सोडावे.