विषय केंद्राचा की राज्याचा, हे कसे ओळखावे

निवेदन मंत्रालयात द्यायचे की दिल्लीला पाठवायचे, हे ठरवण्याआधी संविधानाची सातवी अनुसूची उघडावी. तिथे तीन याद्या आहेत. संघसूचीतल्या विषयांवर संसद कायदा करते, राज्यसूचीतल्या विषयांवर राज्याचे विधिमंडळ आणि समवर्ती सूचीतल्या विषयांवर दोघेही. कुठेच न सापडणारा विषय अनुच्छेद २४८ नुसार संसदेकडे जातो. यादी मात्र ताजी वापरा. तिन्ही याद्यांतल्या नोंदींची, म्हणजे क्रमांक दिलेल्या विषयांची, अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ ही संख्या मूळ संविधानातली आहे. शिक्षण, वने, वन्यजीव आणि वजनमापे हे विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले, तरी जुन्या नोट्समध्ये ते अजून राज्याचेच म्हणून सापडतात.

यादीत प्रश्नाचे नाव शोधत बसू नका, प्रश्नाचे तुकडे पाडा. कांद्याचेच घ्या. शेती राज्यसूचीत (नोंद १४), बाजारही राज्यसूचीत (नोंद २८). त्यामुळे बाजार समितीतली अडत, तोलाई, लिलाव यांची तक्रार राज्याकडे. निर्यातबंदी किंवा निर्यातशुल्क आले की विषय संघसूचीतल्या परदेशी व्यापाराचा (नोंद ४१) आणि सीमाशुल्काचा (नोंद ८३). तिथे राज्याचे कृषिमंत्री फार तर दिल्लीला पत्र लिहू शकतात. साठ्यावरची मर्यादा तिसरीकडेच, समवर्ती सूचीत: नोंद ३३, अन्नपदार्थांचा व्यापार आणि पुरवठा. १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा याच नोंदीच्या आधारावर उभा आहे. भाव पडला म्हणून एकच निवेदन एकाच दारात दिले, तर तिन्हींपैकी दोन मागण्या जागीच मरतात.

दुसरी चूक नोंद अर्धवट वाचण्याची. पाणी राज्याचे, हे सगळ्यांना पाठ असते. पण नोंद १७ चे शेवटचे शब्द ते संघसूचीतल्या नोंद ५६ च्या अधीन ठेवतात, आणि ५६ आंतरराज्यीय नद्यांची आहे. शिवाय कृष्णेसारख्या नदीच्या पाणीवाटपाचा तंटा अनुच्छेद २६२ खालच्या १९५६ च्या कायद्याने लवादाकडे जातो. ‘च्या अधीन राहून’ हे शब्द दिसले की दुसरी नोंद वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

समवर्ती विषयावर दोन्ही कायदे एकमेकांशी विसंगत असतील, तर अनुच्छेद २५४ नुसार केंद्राचा कायदा टिकतो आणि राज्याचा विसंगतीपुरता निष्प्रभ ठरतो. अपवाद एकच, राष्ट्रपतींची संमती. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, ती १९६० च्या केंद्रीय प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या आधारावर. महाराष्ट्राने २०१७ मध्ये त्याच कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती घेतली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती वैध ठरवली. म्हणून राज्याचा कायदा वाचताना त्याला राष्ट्रपतींची संमती आहे की फक्त राज्यपालांची, हे राजपत्रात पाहावे. संमती असली तरी संसद पुढे नवा कायदा करून तो मागे टाकू शकते.

राज्यसूचीही सर्वस्वी बंदिस्त नाही. राज्यसभेने दोन तृतीयांश बहुमताने ठराव केला (अनुच्छेद २४९), दोन किंवा अधिक राज्यांनी विनंती केली (२५२) किंवा आंतरराष्ट्रीय करार अमलात आणायचा असला (२५३), तर संसद तिथेही कायदा करते.

कायदा कोणी केला आणि अंमलबजावणी कोणाची, हे दोन प्रश्न मात्र वेगळे ठेवा. कामाचा माणूस सर्वांत जास्त अडतो तो इथेच. समवर्ती विषयात केंद्राचा कायदा असला तरी, संविधानात किंवा त्या कायद्यात वेगळे म्हटले नसेल तर, अंमलबजावणी राज्याकडेच राहते (अनुच्छेद ७३). भारतीय न्याय संहिता संसदेची, पण गुन्हा नोंदवणारे ठाणे राज्याच्या पोलिसांचे. गुन्हा नोंदवून घेत नाहीत ही तक्रार केंद्रीय गृहमंत्रालयाला पाठवून काही साधत नाही. आधी पोलीस अधीक्षकांकडे लेखी द्यावी.

एवढे करूनही अधिकार कोणाचा हे कळत नसेल, तर निवेदनाआधी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. निर्णयाच्या आदेशाची प्रत मागावी आणि तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढला, त्याची नोंद असलेली कागदपत्रे मागावीत. हा अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला, तरी कलम ६(३) नुसार तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करावा लागतो.