दिवाळीचा माल बाहेर पडण्याआधी

फराळाच्या ऑर्डरी घेऊन झाल्या, बेसन-तेलाचे भाव काढून झाले, आता बिघडलेला माल परत बोलवायची वेळ आलीच तर हाताशी असावी म्हणून एक कोरी वही घ्या. चिवडा कोणत्या तारखेला केला, शेंगदाणे नि मसाला कोणाकडचा, पाकिटं किती भरली आणि कोणत्या बिलावर कोणाकडे गेली, हे रोज लिहायचं. महिनाभराच्या पाकिटांवर एकच बॅच नंबर मारणारे पुष्कळ आहेत. त्यांचा एक घाणा बिघडला की महिन्याचा माल परत बोलवावा लागतो. नंबर रोजचा वेगळा ठेवा. मधेच मसाल्याची गोण बदलली तर नंबरही बदला. फुकट वाटलेली पाकिटंसुद्धा लिहा, ती कोणीच लिहीत नाही.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या 28व्या कलमाने असुरक्षित माल बाजारातून काढून घेण्याची जबाबदारी व्यावसायिकावरच टाकली आहे. माल परत बोलवण्याच्या 2017 च्या नियमांनुसार उत्पादक, आयातदार आणि घाऊक पुरवठादाराकडे त्याची लेखी योजना हवी. वितरणाच्या नोंदी मालाची मुदत संपल्यावरही वर्षभर ठेवायच्या, तेव्हा भाऊबीज झाली की वही रद्दीत घालू नका.

लेबलं मात्र दोनदा तपासा. शेवेच्या पाकिटात चुकून शेंगदाण्याचा चिवडा भरला गेला, तर माल ताजा, चव उत्तम, आणि शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या मुलाच्या जिवावर बेतू शकतं. वास घेऊन ही चूक कळत नाही. पाकीट बदलताना आधीच्या मालाची उरलेली पाकिटं टेबलावरून उचलायची, मगच नवी आणायची.

मग माल परत बोलवण्याच्या सरावासाठी एक दुपार मोकळी काढा. कपाटातलं कुठलंही पाकीट उचला, घड्याळ लावा, आणि त्या बॅचचं प्रत्येक पाकीट कुठे आहे ते शोधा. वितरकापाशी गाडी अडेल. त्याने पुढे कोणत्या दुकानांत टाकलं याची यादी त्याच्याकडे आहे का, हे आजच विचारा. माल परत बोलवायची खरी वेळ आली तर अन्न प्राधिकरणाला (FSSAI) 24 तासांत कळवायचं असतं.

परत आलेला माल कुलपात, 'विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी लावून, मोजून ठेवा. कामगारांत वाटायचा नाही, भाव पाडून खपवायचा तर नाहीच. शेवटी अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचा नंबर भिंतीवर लावा आणि मालक गावी गेलेला असताना 'माल थांबवा' कोण म्हणणार, त्याचं नावही खाली लिहा.