रिमेडियलची शिकवणी होऊ देऊ नका

डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण), डिस्ग्राफिया (लेखनातली), डिस्कॅल्क्युलिया (गणितातली) असलेल्या मुलांना वाचन-लेखन-गणित मुळापासून शिकवणं म्हणजे रिमेडियल. यांच्या सविस्तर व्याख्या इथं देत नाही. या कामात यायचं मनात असेल तर तेवढं वाचून झालंच असेल.

आधी नोंदणीचं. शनिवार-रविवारच्या 'रिमेडियल थेरपिस्ट' कोर्सचं पेव फुटलंय. त्यातले काही शिकवतात चांगलं, पण त्या प्रमाणपत्रावर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी मिळत नाही. 1992 च्या कायद्यात नोंदणीशिवाय हे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. हजार रुपयांचं हसू येईल, पण शाळेत मुलाखतीला गेलात की नंबर मागतात. विशेष शिक्षणातलं डी.एड. किंवा बी.एड. करा. काही वर्षं जातात, जाऊ द्या. कॉलेजची मान्यता परिषदेच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी बघा. 'प्रोसेसमध्ये आहे हो मॅडम' या वाक्यावर फी भरू नका.

आता ज्या खड्ड्यात मी पडले, आणि जवळजवळ प्रत्येक नवी शिक्षिका पडते, तो.

मूल येतं चौथीत. वाचन दुसरीचंही नाही. तुम्ही अक्षर-ध्वनीपासून सुरुवात करता, आणि महिन्याभरात आई विचारते, "मॅडम, सोमवारी घटक चाचणी आहे, तेवढं परिसर अभ्यासाचं घ्याल का?" आईचा जीव टांगणीला लागलेला, तुम्ही नवीन, नाही म्हणवत नाही. मग घटक चाचणी, मग सहामाही, मग प्रकल्पवही. तुमचा तास बघता बघता शिकवणी होऊन जातो. गंमत म्हणजे मार्क वाढतात! ही मुलं बुद्धीनं कमी नसतातच. तुम्ही धडा वाचून दाखवला की त्यांना तो पाठ होतो. आई पेढे आणते, शाळा फोन करून कौतुक करते. वाचन मात्र जिथल्या तिथं. सहावी-सातवीत विज्ञान आणि इतिहासाची पानं वाढली की पाठांतर पुरत नाही, आणि मूल कोसळतं. त्याला वाटतं आपण आधी हुशार होतो, आता ढ झालो.

हे कसं ओळखायचं? निरर्थक शब्द वाचायला द्या. 'लितूप', 'भेमुस', 'डर्मीक' असे, कुठंच न भेटणारे. 'शाळा', 'पाऊस', 'सूर्य' घडाघडा वाचणारं मूल 'डर्मीक'पाशी अडकलं, तर ते शब्द वाचत नव्हतं, शब्दाच्या चेहऱ्यावरून ओळखत होतं. आपल्या लिपीच्या खोड्याही लक्षात ठेवा: 'कि'ची वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर; रफाराचा र उच्चारायचा आधी, आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. घ-ध, भ-म, ब-व यांची अदलाबदल आळसातून होत नाही. इंग्रजी पुस्तकांतली बी-डीची उदाहरणं इथं फार उपयोगी पडत नाहीत. कानाचं कामही सोडू नका. "'कमळ'मधला 'क' काढला, काय उरलं?" याला 'मळ' न म्हणता येणाऱ्या मुलाला बाराखडी पुन्हा पुन्हा गिरवायला लावून काही होत नाही.

खड्ड्यात न पडण्यासाठी पहिल्या भेटीतच सांगायचं: शाळेच्या अभ्यासाला शेवटची दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. परीक्षेच्या आठवड्यातसुद्धा नाही. आणि मार्कांऐवजी दुसरा आकडा पालकांच्या हातात द्यायचा. मी एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द मोजते आणि वहीत आलेख काढते. रेघ चढताना दिसली की घटक चाचणीची धास्ती निम्मी होते. काही पालक तरीही सोडून जातात. जाऊ द्या, खरंच जाऊ द्या.

मुलाच्या अक्षमतेच्या सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या अडचणी, आली, आणि 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी आठव्या वर्षानंतर प्रमाणपत्र, पुढे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी असं ठरवलं. मुंबईत सायन-नायरसारखी रुग्णालयं हे काम वर्षानुवर्षं करतात. पण बरेच पालक दहावीच्या फॉर्मच्या वेळी जागे होतात. जादा वेळ, लेखनिक, गणितातली सवलत, सगळं मिळवून द्या, तो मुलाचा हक्क आहे. फक्त सवलत मिळाली म्हणून वाचन शिकवणं थांबवू नका.

मनाचं काय? रविवारी संध्याकाळी पोट दुखणं, शाळेच्या गेटवर उलटी, वही फाडणं, 'मला डोकंच नाही' हे वाक्य. यातलं बरंचसं वर्षानुवर्षं वर्गात हसं होण्यातून येतं आणि वाचन सुधारू लागलं की थोडं सैल होतं. म्हणून घाबरून जाऊ नका. पण सगळंच सैल होतं असं समजूही नका. आपण विशेष शिक्षक, मानसशास्त्रज्ञ नाही. झोप-जेवण बिघडलं, मूल मित्रांपासून तुटलं, शाळा सुटलीच, तर बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवायचं. "मॅडम, कुणाला सांगू नका हं" असं मूल म्हणालं तर होकार देऊन बसू नका. ते मरण्याबद्दल बोललं तर पुढच्या तासाची वाट बघायची नाही. त्याच दिवशी पालकांना समोर बसवायचं, त्या रात्री मुलाला एकटं ठेवायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. तो पालकांच्या मोबाईलमध्ये तुमच्यासमोरच सेव्ह करून घ्या.

मिडब्रेन अॅक्टिव्हेशनवाल्यांच्या, म्हणजे मुलांचा मेंदू 'जागा' करून देतो म्हणणाऱ्यांच्या, नादी लागू नका, पालकांनाही लागू देऊ नका. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचण्याचा खेळ बघून पट्टी काढून वाचता न येणाऱ्या मुलाची आई पैसे भरते, याचा मला अजून राग येतो.

आणि गुरू शोधताना भाषणं देणारा शोधू नका. तासाला कोपऱ्यात बसू देईल, आणि नंतर तुमच्या तासाला येऊन कोपऱ्यात बसेल, अशी ताई शोधा. अशा ताया कमी आहेत, फी घेत नाहीत पण कामं सांगतात: फ्लॅशकार्ड कापा, रिपोर्ट लिहा. करा. रिपोर्ट लिहिताना जे कळतं ते कार्यशाळेत कळत नाही. पहिली दोन-तीन वर्षं पगार तुटपुंजा असतो, हे घरी आधीच सांगून ठेवा. महागडं किट घेऊ नका. चार रेघी वही, वाळूचा ट्रे, घड्याळ आणि स्वतः लिहिलेल्या निरर्थक शब्दांची यादी एवढ्यावर जूनपासून सुरू करता येतं.