आर्गन वेल्डिंग शिकताना या चुका टाळा: दोष हाताचा की गॅसचा?

मे महिन्यात चोपड्याजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा टिगची, म्हणजेच आर्गन वेल्डिंगची, टॉर्च हातात धरली. 304 स्टेनलेसच्या 2 मिलिमीटरच्या पट्ट्या, नवं मशीन, भरलेला सिलिंडर. जोड मात्र काळा, फसफसलेला, भोकं पडलेला. टंगस्टन (टॉर्चमधली टोकदार सळई, जिच्यातून विजेची ठिणगी म्हणजे आर्क निघते) तीनदा घासलं, करंट वाढवला, कमी केला, शेवटी मशीन उचलून दुकानात नेलं. तिथं ते व्यवस्थित चाललं. शेजारचे फॅब्रिकेशनवाले काका शेडमध्ये आले आणि म्हणाले, "आधी तो कूलर बंद कर भो."

टंगस्टनभोवती आर्गनचं जे आवरण असतं त्यावर सगळं काम उभं आहे, आणि कूलरची हवा तेच उडवून लावते. आपल्याकडे पारा 44-45 वर गेला की कूलर बंद करणं जिवावर येतं, हे मला कळतं. मग वेल्डिंग पहाटे किंवा रात्री करा, किंवा कूलरचं तोंड फिरवून मध्ये ताडपत्री लावा. पण शेड चारी बाजूंनी बंद करू नका. आर्गन हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो आणि श्वासाची हवा बाजूला सारतो. त्याला वासही नसतो.

दुसरी चूक याच्या उलट. वारा आहे म्हणून गॅस मिनिटाला 20 लिटरवर नेणारे मी पाहिलेत. जोरात सुटलेला गॅस टॉर्चच्या तोंडावरच्या कपातून बाहेर पडताना गोल फिरतो आणि बाहेरची हवा आत ओढतो, त्यामुळे जोड आणखी बिघडतो. 6 किंवा 7 नंबरच्या कपाला मिनिटाला 7 ते 10 लिटर पुरतात. 10 लिटरचा छोटा सिलिंडर 150 बारला भरला तर त्यात साधारण 1500 लिटर गॅस बसतो, म्हणजे 8 लिटरच्या हिशेबानं तीन तासांचं काम. सरावाचा खरा खर्च इथंच होतो, म्हणून मशीन घेतानाच गॅसचे पैसे बाजूला काढा. आणि सीओटू वेल्डिंगचा सिलिंडर पडून आहे म्हणून तो जोडू नका, टंगस्टन क्षणात जळतं.

शंका आली की एक चाचणी करा. स्टेनलेसचा स्वच्छ तुकडा घ्या, टॉर्च न हलवता तीन-चार सेकंद आर्क धरा, आर्क तोडल्यावरही गॅस थांबेपर्यंत टॉर्च तिथंच ठेवा. ठिपका चकचकीत आला तर गॅस ठीक आहे, दोष हातात किंवा मालात शोधा. ठिपका काळा आला तर नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. टंगस्टनचं टोक निळं-काळं पडत असेल तर आर्क तुटल्यावरचा गॅस लवकर बंद होतोय. तो दर 10 अँपिअरला साधारण एक सेकंद चालू राहू द्या.

टोकाचा गोळा होत असेल तर टॉर्च चुकून पॉझिटिव्हला लागली आहे का बघा. डीसीत ती निगेटिव्हला हवी, कारण बरीचशी उष्णता पॉझिटिव्ह बाजूला जाते. टोक लांबीच्या दिशेनं घासा, त्यासाठी वेगळा स्टोन ठेवा. लाल पट्टीच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं, त्याची धूळ किरणोत्सर्गी असते. हौशी माणसानं लँथनमचं घ्यावं.

साध्या लोखंडावरची काळी पपडी आर्क वेल्डिंगची रॉड खपवून घेते, टिग घेत नाही. चकचकीत होईपर्यंत घासा. तेल पुसायला अॅसिटोन वापरा आणि ते पूर्ण उडू द्या. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मात्र कधीच नको: आर्कच्या अतिनील किरणांनी त्याचा फॉस्जीन होऊ शकतो, तो जीवघेणा वायू आहे. जीआय पाइपवरचं जस्तही आधी काढा. त्याच्या धुरानं संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, आणि गूळ-दूध हा त्यावरचा उपाय नव्हे.

मशीन कुठलं? दाराची जाळी, ट्रॉलीचा पत्रा, स्टेनलेसची टाकी एवढंच करायचं असेल तर 200 अँपिअरचं सिंगल फेज डीसी मशीन घ्या. हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट (टंगस्टन न टेकवता आर्क पेटते) असेल तर उत्तम. अॅल्युमिनियम करायचंच असेल तर एसी-डीसी घ्यावं लागतं: त्यावरचा ऑक्साइडचा थर 2000 अंशांपुढे वितळतो आणि खालचा धातू 660 लाच, हा थर एसीच फोडतो. "पुढे कधीतरी लागेल" म्हणून मात्र एवढे पैसे घालू नका.

ड्यूटी सायकल वाचताना हे लक्षात घ्या की 60 टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग, बाकी वेळ मशीनला विश्रांती, आणि हा आकडा 40 अंश हवेत काढलेला असतो. आपल्या शेडमध्ये मे महिन्यात त्याहून जास्त असतं. एक मिलिमीटर लोखंडाला साधारण 40 अँपिअर लागतात, त्यामुळे शिकताना मर्यादा गाठली जात नाही. पण जिनिंगजवळच्या शेडमध्ये कापसाचं तूस पंख्यात बसतं, ते महिन्याला हवेनं उडवा. शेतात व्होल्टेज पडतं, तिथं बारीक एक्स्टेन्शन लावू नका, 4 स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या.

हेल्मेटबद्दल एकच. स्वस्त ऑटो डार्क (आर्क पेटताच आपोआप काळी होणारी) काच 30 अँपिअरची आर्क कधी कधी ओळखतच नाही, आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. घेताना कमी करंटवर लावून बघा.

पहिले दोन आठवडे फिलर, म्हणजे जोडात भरायची तार, हातात घेऊ नका. नुसतं वितळलेल्या धातूचं डबकं एका रेषेत पुढे न्या, आर्कची लांबी टंगस्टनच्या जाडीएवढी ठेवा. डबकं दोन्ही पट्ट्यांवर सारखं पसरायला लागलं की मग फिलर: साध्या लोखंडाला ईआर 70 एस-6, 304 ला 308 एल.