घाटे भरायच्या आधी हरभऱ्याला वासाचं कुंपण

सोयाबीन निघालं, कपाशीची वेचणी उरकत आली की शिवारात हिरवं म्हणून उरतो तो हरभरा. रोही (नीलगाई) शेंडे खुडायला येतात, घाटे भरले की रानडुकरं एका रात्रीत तासंच्या तासं उधळून जातात. एकदा घाट्याची चव लागली की त्यांना हटवणं फार अवघड. म्हणून वासाचे उपाय पीक फुलावर येतानाच सुरू करा, नुकसान झाल्यावर नव्हे.

डुकराची नजर अधू, पण नाक फार तिखट. न्हाव्याच्या दुकानातले केस त्यासाठीच वापरतात. हुंगत येताना माणसाचा वास लागतो, केस नाकपुडीत जाऊन चुरचुरतात. धुऱ्याच्या (बांधाच्या) आतून, पिकापासून फूटभर अंतरावर केसांचा सलग पट्टा टाका. नाल्याकडची आणि जंगलाकडची बाजू आधी घ्या, कारण डुकरांची वाट सहसा ठरलेली असते. केसांतले ब्लेडचे तुकडे वेचून काढा. आणि हे केस कुटारात (जनावरांच्या भुश्यात) जाऊ देऊ नका. बैलाच्या पोटात त्यांचा गोळा होतो.

रोह्याला जमिनीवरचे केस अडवत नाहीत. त्याच्यासाठी अंड्याचं द्रावण बरं. लिटरभर पाण्याला 20 मिली अंडं, म्हणजे 15 लिटर पाण्याला सहा-सात अंडी. फोडून, घोटून, झाकणाच्या डब्यात वास सुटेपर्यंत ठेवा (घरापासून लांब, नाहीतर घरचेच आधी पळतील). मग पाण्यात मिसळून कापडातून गाळा. विदर्भात बऱ्याच शेतांना जुन्या साड्यांचं कुंपण असतंच. त्याच साड्यांच्या पट्ट्या या द्रावणात भिजवून बांधा. एक ओळ फूटभर उंचीवर डुकरासाठी, दुसरी तीन-चार फुटांवर रोह्यासाठी. पिकावर फवारू नका, विशेषतः भाजीसाठी हरभरा खुडत असाल तर. आठ-दहा दिवसांनी पट्ट्या पुन्हा भिजवा. अवकाळी पाऊस झाला तर दुसऱ्याच दिवशी.

गावात पाळीव डुकरं असतील तर त्यांची विष्ठा पाण्यात कालवून, गाळून, धुऱ्यालगत फूटभर रुंद पट्ट्यावर शिंपडतात. दुसऱ्या कळपाची हद्द समजून रानडुकरं बिचकतात. हातमोजे घाला, आणि भाजीपाल्याच्या वाफ्याजवळ हा उपाय नकोच.

मासळीची मुंडकी, कोंबडीची आतडी टांगायचा सल्लाही काही जण देतात. माझ्या मते तो घातक आहे. त्या वासाला कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. वाघाचे केस, नखं म्हणून कोणी काही विकायला आणलं तर हात लावू नका. ते बाळगणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. वानरांवर मात्र यातलं काहीच चालत नाही, तिथे राखणच करावी लागते.

कोणताही वास जनावराच्या अंगवळणी पडतो. दोन-तीन आठवड्यांनी उपाय बदला, केसांनंतर अंडी, मग पुन्हा केस. शेजारच्या शेतकऱ्यांनी एकाच वेळी केलं तर चांगलं, नाहीतर तुमच्याकडून हुसकलेला कळप त्यांच्याकडे जातो.

कंटाळून कुंपणात थेट वीज सोडू नका. त्यात माणसं मेली आहेत, शिवाय गुन्हा दाखल होतो तो वेगळा. नुकसान झालंच तर लगेच जवळच्या वन कार्यालयात लेखी कळवा, फोटो काढा आणि पंचनामा होईपर्यंत मोडलेलं पीक, खुरांचे ठसे तसेच राहू द्या.